खचल्या मनाला देवाचा शब्द

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





समितीने मला आज दोन शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी हात जोडून म्हणालो, "नाना, मी काही कीर्तनकार नव्हे, प्रवचनकार तर नव्हेच नव्हे. माझे शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. नोकरी तहसील कचेरीतल्या कारकुनाची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आवक-जावक, दाखले, टिपणी आणि शेरे. माझ्या तोंडून अध्यात्म ते कोणते निघणार?" त्यावर नाना हसून म्हणाले, "आरं, दिसभर दुसऱ्याचं कागद वाचून दाखवतुस न्हवं? मग आज देवाचा बी एक कागद वाचून दाखव." वडील माणसाने असा शब्द टाकल्यावर बोलणेच खुंटले. म्हणून आज हे धाडस करीत आहे. चुकले-माकले तर लेकरू समजून पोटात घालावे.

देवाचा कागद कोणता, ते पुढे सांगतो. आधी आपले गेले दिवस आठवू.

या देवळाचे काम मध्येच थांबले होते, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जोते झाले, खांब उभे राहिले, आणि २०२० सालच्या मार्च महिन्यात कोरोनाची टाळेबंदी लागली. उघड्या सळया पावसात गंजू लागल्या. वाळूच्या ढिगावर गवत उगवले. देव तात्पुरत्या पत्र्याच्या शेडात. त्या काळात पारावर एक वाक्य फार ऐकू येऊ लागले, "देवाच्याच मनात न्हाई." हे वाक्य मोठे वाईट असते, माय-बापहो. पैसा नाही म्हटले तर पैसा गोळा करता येतो, गवंडी नाही म्हटले तर दुसऱ्या गावचा आणता येतो. पण देवाच्याच मनात नाही असे एकदा ठरवले म्हणजे माणूस हात झाडून मोकळा होतो.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. आपले गाव तुकोबारायांच्या पालखीच्या वाटेवरचे. बेलवाडीचे गोल रिंगण आटोपून पालखी आपल्या गावावरून पुढे अंथुर्णे, निमगाव केतकीच्या वाटेने इंदापूरकडे जाते. ज्याला कळायला लागले तेव्हापासून ज्याने हा सोहळा पाहिला नाही असा माणूस गावात सापडणार नाही. १६८५ साली तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी ही पालखी सुरू केली. २०२० साली महाराजांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस.टी.च्या गाडीतून पंढरपुरास गेल्या. २०२१ सालीही तेच. त्या दोन्ही वर्षी आपल्या आया-बहिणी सवयीने सडा-रांगोळी करून दारात उभ्या होत्या आणि रस्ता मोकळा होता. मृदंगाचा आवाज नाही, फुगडी नाही, चहा-पाण्याची धांदल नाही. रस्ता इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता.

आणि त्या दिवसांत किती माणसे गेली! नावे घेत नाही, घरोघरी ती ठाऊक आहेत. पुढे शासनाने कोरोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान दिले. त्या कागदपत्रांची चौकशी करायला एक माउली टेबलाशी आली होती. कोणत्या गावची ते सांगत नाही. घरधनी वीस-बावीस वर्षांचा वारकरी, गळ्यात माळ. तिने कागद पुढे केले आणि अगदी शांतपणे विचारले, "भाऊसाहेब, माझ्या मालकानं एक वारी चुकवली न्हाई. मग देवानं आसं का केलं?" आमच्याकडे प्रत्येक अर्जाला उत्तर देण्याचा प्रघात आहे. त्या अर्जाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी तिला पाणी दिले, अर्ज नीट भरून दिला आणि गप्प बसलो.

आज जे बोलणार आहे ते त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे असा माझा दावा नाही. पण त्या प्रश्नामुळेच मी देवाचा तो कागद पुन्हा उघडून वाचला.

तो कागद म्हणजे भगवद्गीतेचा नववा अध्याय. त्यात भगवंतांनी अर्जुनाला एक शब्द देऊन ठेवला आहे. जे दुसरे काही मनात न आणता माझेच चिंतन करतात त्यांचा योगक्षेम मी वाहतो, असा त्याचा भावार्थ. जे मिळालेले नाही ते मिळणे याला योग म्हणतात, आणि जे मिळाले आहे ते टिकणे याला क्षेम. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर एक नवी मंजुरी आणि दुसरे जुन्याचे जतन. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी आहे त्यांनी घरी गेल्यावर ती काढून पाहावी. दोन हातांच्या आडोशाला जपलेला दिवा आणि खाली याच श्लोकाचे शब्द छापलेले आहेत. १९५६ साली महामंडळ निघाले तेव्हा विमा उतरवणाऱ्याला धीर द्यायला त्यांना याहून चांगला शब्द सापडला नाही. फरक इतकाच, की तेथे हप्ते थकले तर पॉलिसी बंद पडते. भगवंतांनी मात्र त्याच अध्यायात थोडे पुढे जाऊन असेही सांगून ठेवले आहे की, एखाद्याचे वागणे पूर्वी कितीही वाईट असो, तो माझ्याकडे वळला तर त्याला चांगलाच समजावे, माझ्या भक्ताचा नाश होत नाही. म्हणजे थकबाकीदारालाही सांभाळून घेतले आहे.

आता त्या श्लोकातला 'वाहतो' हा शब्द पाहा. देव 'देतो' म्हणालेला नाही, 'वाहतो' म्हणाला आहे. यावर कीर्तनात एक कथा सांगतात ती बऱ्याच जणांनी ऐकली असेल. एक विद्वान ब्राह्मण गीतेवर टीका लिहीत होता. त्याला वाटले, प्रत्यक्ष परमेश्वर हमालासारखा ओझे कशाला वाहील? 'देतो' असेच म्हणाला असणार. म्हणून त्याने पोथीतल्या त्या शब्दावर काट मारली आणि भिक्षेला निघून गेला. घरी अन्नाचा कण नव्हता. इतक्यात एक मुलगा डोक्यावर शिध्याचे ओझे घेऊन दारात आला. ब्राह्मणाच्या बायकोने पाहिले तर त्या पोराच्या अंगावर ओरखडे. "कुणी मारलं रे बाळा?" तर म्हणाला, "तुमच्याच मालकांनी." ब्राह्मण घरी आला, ऐकले, आणि ओळखले की आपण शब्दावर मारलेली काट कोणाच्या अंगावर उमटली ते.

लहानपणी मी ही कथा ऐकून हसत असे. आता वाटते, सगळे मर्म त्या एका शब्दात आहे. वाहतो म्हणणारा माणूस ओझे नाहीसे करतो असे म्हणत नाही. ओझे आहेच. उसाची मोळी बांधून डोक्यावर घेताना दुसऱ्याने खालून हात दिला तर मोळी हलकी होत नाही, वजन तेवढेच राहते. पण ती उचलली जाते, एवढे खरे. दुष्काळ पडणार नाही, माणूस मरणार नाही, कर्ज होणार नाही असा शब्द देवाने कोणालाही, कोठेही दिलेला नाही. मी सबंध गीता वाचली, मला तरी तो आढळला नाही. आपण मात्र मनाशी परस्पर तसा करार लिहितो, आणि तो मोडला म्हणजे देवाने फसवले म्हणतो.

ज्ञानेश्वर माउलींनी या ठिकाणी आईचा दाखला दिला आहे. आईला स्वतःची तहान-भूक कळत नाही, तान्ह्याचे बरे तेवढे ती पाहते, तसे मी माझ्या माणसांचे करतो, अशा अर्थाचे ते सांगतात. हे कोण सांगत आहे ते ध्यानात घ्या. ज्यांच्या आई-वडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले, ज्यांना गावाने वाळीत टाकले, तो पोरका मुलगा नेवाशाला बसून सांगतो आहे. आईची माया काय असते हे आई नसलेल्या मुलाने सांगावे, याहून मोठी साक्ष आपल्याला कोणती हवी?

आता तुकोबारायांकडे येतो. खरे म्हणजे आज मला त्यांच्याबद्दलच बोलावयाचे आहे.

पालखीच्या पुढे आपण ज्यांच्या नावाचा गजर करतो ते तुकाराम महाराज आपल्या डोळ्यांपुढे वैकुंठाला जाणारे, हसतमुख असे असतात. पण १६३० साली देहूत जो तुकाराम होता तो कसा होता? घरची महाजनकी, वाण्याचे दुकान. आई-वडील गेलेले. वडील भाऊ सावजी बायको वारल्यावर घर सोडून गेलेला. सगळा प्रपंच या मधल्या भावाच्या गळ्यात. अशात पाऊस पाठोपाठ दगा देऊ लागला. तो दुष्काळ गुजरातेपासून दख्खनपर्यंत पसरला होता आणि त्यात माणसांची दैना झाली. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळून गाढवाचा नांगर फिरवला. म्हणजे अस्मानीही होती आणि सुलतानीही होती. तुकोबांच्या दुकानाचे दिवाळे निघाले. थोरली बायको अन्न अन्न करीत मेली. लहान मुलगा संतू गेला. हे काही मागाहून कोणी रचलेले नाही. आपल्या आयुष्याची हकिकत सांगणाऱ्या अभंगात त्यांनी स्वतःच बायकोचे मरण, झालेली बेअब्रू आणि व्यापारात आलेली तूट सांगितली आहे. आपल्याकडे दिवाळे निघालेला माणूस गावात तोंड दाखवत नाही, त्यांनी तर ते लिहून ठेवले!

आणि त्याच अभंगात, या सगळ्या आपत्तींच्या लगोलग, ते काय सांगतात? देवाचे देऊळ भंगले होते, ते नीट करावे असे मनात आले.

बंधूंनो, जीर्णोद्धार समितीच्या बैठका चालू असताना मला हे आठवले, तेव्हा अंगावर काटा आला. ज्याच्या घरात खायला नाही, ज्याची बायको भुकेने गेली, गावात पत राहिली नाही, त्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो मोडक्या देवळाचा. त्यांचे पूर्वज विश्वंभरबाबा यांच्यापासून चालत आलेले ते विठ्ठलाचे देऊळ. परंपरा सांगते की त्यांनी ते स्वतःच्या हाताने, माती कालवून, दगड उचलून नीट केले. त्या वेळी तेथे ना समिती होती, ना पावतीपुस्तक. मग तेथेच एकादशीला कीर्तन करू लागले. सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हते, असेही ते मोकळेपणाने सांगतात. म्हणजे एकदम साक्षात्कार वगैरे काही नाही. आधी हाताला काम, मग हळूहळू मनाला थारा.

याच तुकोबांनी दुसऱ्या एका ठिकाणी, दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडा दिली, बायको मेली हे बरेच झाले असे देवाला म्हटले आहे. हे प्रथम वाचले तेव्हा मला धक्का बसला होता. मला ते निष्ठुर वाटले. पुष्कळ वाचकांना वाटत असणार. विचार करता करता माझ्यापुरता उलगडा झाला तो असा. हे बोलणे त्या दिवसाचे नव्हे. बायकोचे प्रेत दारात असताना कोणी असे बोलत नाही. हे मागे वळून पाहणाऱ्याचे बोलणे आहे, आणि ते ज्याने सोसले त्यानेच स्वतःबद्दल बोलावयाचे असते. दुसऱ्याने ते उचलून कोणा दुःखिताला ऐकवू नये. "झालं ते बऱ्यासाठीच झालं" असे आपण सांत्वनाला जाऊन सहज बोलून येतो. माझे तर स्पष्ट मत आहे की असे बोलण्यापेक्षा त्या घरी दोन भाकरी आणि पिठल्याचे पातेले पोचवावे व मुकाट्याने बसून यावे. देवाचे वचन हे दुसऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी नाही.

पुढचा प्रसंग सर्वश्रुत आहे. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. महाराज तेरा दिवस अन्नपाणी सोडून शिळेवर बसून राहिले. वह्या तरल्या ही कथा आपण नेहमी सांगतो, पण ते तेरा दिवस कसे गेले ते सांगत नाही. ते काही शांत ध्यानाचे दिवस नव्हते. महाराज देवाशी भांडत होते. तू शब्द दिलास, आता का गप्प बसलास, अशी त्यांची तक्रार होती. मला यात मोठा धीर वाटतो. भांडण कोणाशी होते? ज्याने शब्द दिला त्याच्याशीच. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला कोणी जाब विचारत नाही. म्हणून टेबलाशी आलेल्या त्या माउलीने जे विचारले तो नास्तिकपणा होता असे मला वाटत नाही. तिचे देवाशी नाते होते म्हणूनच तिने विचारले. वीस वर्षे वारी करणाऱ्या घराला तेवढा हक्क आहे.

आता थोडे आमच्या खात्याचे दैवत सांगतो. हसू नका, महसूल खात्यालाही दैवत आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत. आपल्यापासून फार लांब नाही, पंढरपूरच्या पलीकडे. बिदरच्या बादशहाच्या अमलात ते तेथील कारभारी होते. मोठा दुष्काळ पडला, सरकारी कोठारात धान्य भरलेले आणि दारात माणसे तडफडत होती. पंतांनी कोठारे उघडून लोकांना लुटवली. वरिष्ठांची मंजुरी नाही, आदेश नाही. आजच्या भाषेत सरळ निलंबन! बादशहाने त्यांना पकडून आणावयास माणसे पाठवली. ते वाटेत असतानाच विठू महार नावाचा एक गडी घोंगडी पांघरून बिदरच्या दरबारात आला, धान्याची पूर्ण रक्कम भरली आणि रीतसर पावती घेऊन गेला. दामाजीपंतांना कळले की आपल्यासाठी प्रत्यक्ष विठ्ठल येऊन गेला. एक कारकून म्हणून मला त्या पावतीचे फार कौतुक वाटते. देवाने सुद्धा पावतीशिवाय व्यवहार केला नाही.

पण विनोद बाजूला ठेवू. या कथेतही देवाने काय केले पाहा. आभाळातून पाऊस पाडला नाही. ओझे वाहिले. मोहरांची थैली घेऊन चालत गेला. आणि कोणाच्या रूपाने गेला? ज्याला गावच्या देवळाच्या पायरीशीही उभे राहू देत नसत त्याच्या रूपाने. त्याच मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून १३३८ साली चोखोबाराया गेले. जन्मभर देवळाबाहेर उभे राहिलेल्या त्या भक्ताची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे. गीतेच्या त्याच नवव्या अध्यायात देवाने सांगून ठेवले आहे की, कोणत्याही कुळात जन्मलेला माणूस मला शरण आला तर परमगतीला जातो. देवाने शब्द दिला, आणि आपण दार लावून घेतले. १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषणाला बसून प्राण पणाला लावले, तेव्हा विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. म्हणजे देवाचा शब्द पाळायला आपल्याला किती शतके लागली याचा हिशेब करा. या नव्या देवळाच्या दाराला समितीने उंबरठा ठेवला आहे, पण त्या दाराशी कोणाला अडवायचे नाही हे पहिल्याच बैठकीत ठरले. त्या बैठकीच्या इतिवृत्तावर सर्वांच्या सह्या आहेत, ते मी स्वतः लिहिले आहे.

माझे वडील १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात. ते दिवस पाहिलेली वडीलधारी मंडळी येथे समोर बसली आहेत, त्यांना मी काय सांगावे? ज्वारी दिसत नव्हती. परदेशातून आलेला लाल मिलो खाऊन आणि सुकडी घेऊन दिवस काढले. वडील सांगत, संध्याकाळी काम सुटले की त्याच खडीच्या ढिगावर टाळ निघायचे. दिवसभर घण मारून हात सोललेले, त्याच हातात टाळ. त्यांच्या मेहनतीतून रस्ते झाले, पाझर तलाव झाले. आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली होती. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ साली तशाच हमीचा कायदा देशभरासाठी झाला. काम मागणाऱ्याला काम देऊ, असा राज्याने कागदावर लिहून दिलेला हा शब्द. आपल्या भागातला नीरा डावा कालवासुद्धा १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतरचा, १८८५ च्या सुमारास त्याला पाणी आले. टेलच्या शेतकऱ्याला ते किती पोचते हा वाद निराळा, सरकारी नोकर म्हणून मी त्यात पडत नाही! पण मला इतके दिसते की आपल्या मुलखात देवाने जेव्हा जेव्हा ओझे वाहिले, तेव्हा ते कोणाच्या तरी डोक्यावरच्या पाटीतून वाहिले.

येथे तरुण शेतकरी मंडळी बसली आहेत, त्यांच्याशी थोडे बोलायचे आहे. आमच्याकडे काही कागद येतात. एखाद्या घरातला कर्ता माणूस फास घेतो किंवा औषध पितो, त्याचे ते कागद असतात. सातबारा, कर्जाचा दाखला, पंचनामा. शेवटी त्यावर 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा पडतो. पात्र झाला तर घरच्यांना एक लाख रुपये. बाळांनो, तुमच्यापैकी कोणाचा असा कागद माझ्या टेबलावर यावा असे मला वाटत नाही. मन खचले तर घरात बोला. घरात बोलवत नसेल तर मित्राशी बोला. तेही जमत नसेल तर या देवळात येऊन बसा. येथे रोज संध्याकाळी हरिपाठाला चार माणसे असतात, त्यातले कोणीतरी "का रं, तोंड का उतरलंय?" असे विचारल्याशिवाय राहणार नाही. झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर डॉक्टरकडे जा, त्यात लाज नाही. तुकोबांनी आपले दिवाळे अभंगात सांगितले, तुम्ही आपले शेजाऱ्याला सांगायला का लाजता? आणि शेजाऱ्यांनो, तुम्हीही. एखाद्याने पारावर येणे सोडले, देण्याला कंटाळून फोन उचलणे सोडले, तर त्याच्या दारात जाऊन उभे राहा. योगक्षेम वाहण्याचे काम देवाने अशा वेळी आपल्यावर सोपवलेले असते.

२०२२ साली पालखी पुन्हा पायी निघाली. दोन वर्षांनी गावच्या रस्त्यावर मृदंग वाजला तेव्हा म्हातारी-कोतारी माणसे लहान मुलांसारखी रडत होती. त्यानंतरच आपले काम पुन्हा धरले गेले. गंजलेल्या सळया घासून साफ केल्या, खराब झालेल्या बदलल्या. ज्यांनी "देवाच्याच मनात न्हाई" म्हटले होते त्यांनीच पहिल्या दिवशी घमेली उचलली. त्यांना मी दोष देत नाही. खचलेला माणूस तसेच बोलतो. बचत गटाच्या बायकांनी गवंड्यांचे जेवण आळीपाळीने सांभाळले, शाळेच्या पोरांनी विटा हातोहात दिल्या. बाहेरगावी नोकरी-धंद्याला असलेल्या गावकऱ्यांनी जमेल तशी रक्कम पाठवली. एका वृद्ध आजीने आपल्या निराधार पगारातले थोडे पैसे पदराच्या गाठीतून सोडून दिले आणि पावतीवर नाव घालू दिले नाही. देणगीदारांची यादी याच स्मरणिकेत पुढे छापली आहे. ती लहान-मोठ्या रकमेप्रमाणे न लावता अक्षरानुक्रमे लावावी अशी माझी सूचना होती, ती समितीने मान्य केली याबद्दल मी आभारी आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. देऊळ दगड-सिमेंटचे आहे. आपल्याच तालुक्यात पळसदेव आहे. उजनी धरणाचे पाणी आले आणि तेथले जुने पळसनाथाचे देखणे देऊळ पाण्याखाली गेले. दुष्काळी वर्षात पाणी उतरले की शिखर वर येते, मग पाहायला माणसांची गर्दी होते. ज्यांचे गाव आणि देऊळ दोन्ही पाण्यात गेले त्यांनी नव्या गावठाणात संसार मांडले. त्यांच्या घरी देवपूजा चालूच राहिली. मी तेथल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारले होते, "बाबा, देव पाण्यात गेला तेव्हा कसं वाटलं?" ते म्हणाले, "देव कुठं पाण्यात गेला? देऊळ गेलं. देव आमच्यासंगं बैलगाडीत बसून आला."

माझे बोलणे लांबले. अजून कुंपणाच्या भिंतीचे आणि पायऱ्यांच्या फरशीचे काम बाकी आहे. त्यासाठी ज्यांना सेवा द्यावयाची असेल त्यांनी मंडपाच्या डाव्या हाताला समितीच्या टेबलाशी नोंद करावी, पावती न विसरता घ्यावी. महाप्रसादाला बसताना आधी बाहेरगावच्या पाहुण्यांना बसू द्यावे ही विनंती. कीर्तनकार महाराज आले आहेत, मृदंग लावून झाला आहे, आणि माझ्यासारख्या कारकुनाने त्यांची वेळ खाऊ नये. अध्यक्ष महाराजांची रजा घेतो.

रामकृष्ण हरी.